चाकाच्या वरचं नाव

"आई, ऊठ ना, लोक बघतायत!" मी किती वेळा सांगितलं! पण आमच्या मातोश्री हवाई दलाच्या संग्रहालयात चक्क विमानाखाली उकिडव्या बसलेल्या, चाकाच्या वरच्या पोकळीत मोबाईलची बॅटरी मारत! कारण काय, तर आजोबा या विमानाचे मेकॅनिक होते, आणि तिच्या जन्माला रजा मिळाली नाही म्हणून त्यांनी म्हणे तिचं नाव तिथे आत रंगवलेलं. अख्ख्या घरात या थापेवर विश्वास ठेवणारी ती एकटीच.

आणि ऐका ना, नाव खरंच होतं! पांढऱ्या रंगात, आजोबांच्याच वळणदार अक्षरात. 'नीलाक्षी'.

आमची आई तर कुमुदिनी! तिचा चेहरा असा पडला, की मी लगेच आजोबांना स्पीकरवर फोन लावला. "आजोबा, ही नीलाक्षी कोण?"

"खालची तारीख वाच की, गधडे!"

तारीख आईच्या जन्माची होती. "वाटलेलं, निदान बारशाला तरी सोडतील," आजोबा म्हणाले. "मी पोचेपर्यंत माझ्या बहिणीने आत्याचा मान घेऊन कुमुदिनी ठेवलंसुद्धा! तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप? बसलो गप्प."

आई नुसती हसत होती. निघताना मात्र दारातल्या अभिप्रायाच्या वहीपाशी थांबली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'रंग अजून पक्का आहे.' आणि खाली झोकदार सही, नीलाक्षी.