शेजारची कॉट

खोकल्याची उबळ आली तसा रक्षितानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती गिळली. पहाटेपासून तिचंही अंग फणफणलं होतं.

फ्लूच्या साथीनं मुलांचा वॉर्ड भरला होता आणि सिस्टरांचा दरारा मोठा. आई खोकली की वॉर्डाबाहेर. सकाळीच मुरगूडच्या एका बाईला त्यांनी दंड धरून बाहेर काढलं होतं. तिचं पोर अजून मुसमुसत होतं. रक्षिताची शांभवी चार वर्षांची. आई नजरेआड झाली की ती ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायची आणि मग ओठ निळे पडायचे. नवऱ्याला एसटीडीवरून निरोप गेला होता, तो संध्याकाळी सासूला घेऊन येणार होता. तोवर कसाही दम काढायचा, एवढंच तिला कळत होतं.

शेजारच्या कॉटवर धोंडुबाईचा तीन महिन्यांचा नातू होता, जुलाबानं पार सुकलेला. त्याला उचलून ती रक्षिताकडं वाकली.

"धर गं जरा. गरम पाणी घिऊन आलोच."

रक्षिताचे हात आपसूक पुढं झाले. कुणाचंही पोर कुणीही मांडीवर घ्यावं, अशी त्या वॉर्डाची रीतच पडली होती. बाळानं तिच्या तोंडाजवळ इवलीशी जांभई दिली. आपला ताप याला लागला तर हे पोर काही वाचायचं नाही. तिनं चटका बसल्यासारखे हात मागं घेतले.

"न्हाय घेत मी."

"का गं?"

रक्षितानं पदर पुन्हा तोंडावर धरला. सिस्टर दाराशीच उभ्या होत्या.

धोंडुबाईनं तिच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याकडं बघितलं, मग शांभवीच्या कपाळावरच्या विभूतीकडं. "सकाळी चा दिला, तवाबी घेतला न्हाईस," ती सावकाश म्हणाली. मग आवाज चढला. "आमच्या जातीचं पोर तुला शिवायला चालत न्हाय व्हय?"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. कुणाची जात विचारायची नाही, हे रक्षिताला माहेरी बोलायला यायच्या आधीपासून शिकवलेलं. बापाला हे कळलं असतं तर त्यानं तिचं तोंड पाहिलं नसतं. सिस्टर इकडंच येत होत्या. शांभवीनं झोपेतच तिचं बोट घट्ट धरलं.

"व्हय," रक्षिता पदराआडून म्हणाली. "आमच्यात चालत न्हाय."

"पोरगी ऑक्सिजनवर हाय, आन् हिला जात दिसती," धोंडुबाई म्हणाली. तिनं नातवाला खांद्यावर टाकलं आणि एका हातानं कॉट ओढायला लागली. लोखंडी पाय फरशीवर करकरले. सिस्टरांनी रक्षिताकडं एकदाच बघितलं. त्यांनीही कॉटला हात लावला. दोन कॉट ओलांडून दोघी थांबल्या.

रक्षितानं नजरेनंच अंतर मोजलं.

"आजून लांब न्या," ती म्हणाली.