रिकामी पिशवी

लॅबच्या बाकावर दोघेही नजर चुकवत बसले होते. श्वासावरून पोटातले जंतू ओळखणाऱ्या तपासणीला प्राणायाम शिकवणारे गुरुजीच शेजारी येऊन बसतील, असे कुमुदबाईंना स्वप्नातही वाटले नव्हते. "श्वास साधला की गोळ्या कशाला?" या त्यांच्या शब्दावर बाईंनी चार महिने पोटातला विस्तव गोळीवाचून सोसला होता.

सिस्टरनी दोघांच्या हातात फुंकायच्या पिशव्या दिल्या. "काकू, पंधरा दिवसांत पित्ताची गोळी घेतलीत?"

"एकही नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"छान! आणि काका, तुम्ही? गेल्या खेपेला रोज दोन चालू होत्या, म्हणून तपासणी फसली."

बाईंनी वळून पाहिले. "गुरुजी, रोज दोन?"

गुरुजींनी कुंभक लावल्यासारखा श्वास रोखला, रिकामी पिशवी बाकावर ठेवली आणि ते जिना उतरू लागले.