ॲस्टरची सात फुलं

"आजी, मोजता येत नाही का हो तुम्हाला? सहाच दिलीत हिला!" पुलाजवळच्या फूलवालीवर माझा नवरा आइवार्स कुरकुरला.

"पन्नास वर्षं फुलं विकतेय मी, बाबा." म्हातारीने माझ्या हातातली ॲस्टरची जुडी काढून त्याच्या हातात दिली आणि मोजून दाखवली. सात. माझ्याकडे मात्र ती बघेना.

आमच्या लाटव्हियात जिवंत माणसाला विषम फुलं देतात. सम फुलं थडग्यावर जातात.

आम्ही हसतच पूल ओलांडला. सोमवारी माझ्या तपासणीचा निकाल यायचा होता, म्हणून तर एक दिवस कुल्दीग्याला पळून आलो होतो. सकाळपासून दोघांनीही दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं.

धबधब्यापाशी मी जुडी मोजली. सहा.

"एखादं खाल्लंस की काय?" म्हणत आइवार्सने ती घेतली. सात. मी परत घेतली. सहा. त्याने बाकाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

मग तो धावत जाऊन आणखी एक फूल घेऊन आला आणि माझ्या जुडीत खोचलं. मोजली. आठ. त्यातलं एक मी नदीत टाकलं. सहा.

त्यानंतर कोणी विनोद केला नाही.

परतीच्या बसमध्ये जुडी माझ्या मांडीवर होती. "आता तू धर ना जरा," मी म्हणाले. त्याने हात पुढे केला नाही.

खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "व्हेल्गा, निकालाचा फोन शुक्रवारीच आला होता. मी उचलला."