टॅक्स कापून

पहिला फटका पाठीमागून बसला. वैभवच्या कानांवर हेडफोन होता, समोर स्क्रीनवर जर्मनीतल्या कंपनीचे तिघे जण होते आणि तो त्यांना कामातली कसलीशी चूक समजावून सांगत होता. हेडफोन उडून पोटमाळ्याच्या शिडीवर आपटला. वैभवचा थोरला भाऊ दत्ताराम सिक्युरिटीच्या गणवेशात हात उगारून उभा असलेला त्या तिघांनी नीट पाहिला. दुसऱ्या फटक्याआधी वैभवने कसाबसा लॅपटॉप मिटला.

एरवी दत्ताराम कुणाला अरे म्हणायच्या आधी दहादा विचार करणारा. आज त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि बक्कल असलेल्या बाजूने चालवला. वैभवची भुवई फुटली. मोरीत भांडी घासणारी त्यांची आई जाईबाई साबणाच्या हातांनी धावली आणि दोन्ही मुलांच्या मध्ये उभी राहिली. एक पट्टा तिच्याही खांद्यावर बसला.

"झाला काय, ता तरी सांग," ती म्हणाली.

तेव्हा दत्तारामने खिशातले घडी घातलेले कागद काढून भावाच्या तोंडावर फेकले. वैभवने गेल्या वर्षी भरलेलं इन्कम टॅक्सचं रिटर्न होतं ते.

चार वर्षं वैभव महिन्याला तीस हजार आईच्या हातावर ठेवत आला होता. परदेशातली कंपनी आहे, टॅक्स भयंकर कापतात, कापून एवढेच हातात येतात, असं त्याने सांगितलं आणि घराने ते मानलं. का मानू नये? दत्तारामच्या एवढ्याशा पगारातूनही दर महिन्याला काहीबाही कापलं जातंच. धाकट्याचे जरा जास्तच कापतात म्हणून तो दोन वर्षं परळच्या एका टॉवरच्या गेटवर सुजलेल्या गुडघ्यानिशी डबल ड्युटी करत होता. त्याच टॉवरमध्ये हितेंद्र नावाचे सीए बसतात. साहेबांना विचारावं, भावाचे थोडे पैसे परत मिळतात का बघावं, असं या भल्या माणसाच्या मनात आलं. वैभवला खूश करायचं म्हणून त्याच्या कपाटातले कागद त्याने गुपचूप उचलून नेले. साहेबांनी ते चाळले आणि हसून सांगितलं, की कंत्राटावर काम करणाऱ्याचा टॅक्स परदेशी कंपनी कापत नाही. सगळे पैसे त्याच्या हातात येतात आणि टॅक्स तो मागाहून स्वतः भरतो. तुमच्या भावाने तर पै न् पै भरलाय, वर्षाची कमाई सव्वीस लाख. त्यांनी दत्तारामचं अभिनंदन केलं आणि त्याच्यासाठी चहा मागवला. तो चहा तसाच टाकून दत्ताराम घरी आला.

"सरकारला सगळं खरं सांगितलंस," दत्ताराम म्हणाला. "आम्हालाच तेवढं खोटं."

वडाळ्याला फ्लॅट घेतोय, चावी हातात आली की सांगणारच होतो, असं वैभव सांगू लागला. किती खोल्यांचा, दत्तारामने विचारलं. माझ्यापुरता, वैभवच्या तोंडून निघालं तशी लाथ बरगडीत बसली. खुर्ची, टेबल, लॅपटॉप, सगळं एकावर एक कोसळलं. वैभवच्या हाताला स्टीलचा तांब्या लागला, तोच त्याने फेकून मारला. तो नेमका भावाच्या सुजलेल्या गुडघ्यावर बसला. दत्ताराम कळवळला आणि मग मात्र त्याने वैभवची मानगूट धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा, आणि आई हाताला लोंबकळत असताना तिसऱ्यांदा.

गॅलरीत चाळीतली माणसं जमली. शेजारचे रामजीकाका चपलांसकट आत शिरले आणि त्यांनी दत्तारामला मागून कव घालून खेचलं. त्याची रगच गेली. पट्टा हातातून गळला, भिंतीला टेकून तो खाली बसला आणि गुडघा धरून हुंदके देऊ लागला. पुरे झालं, भाऊभाऊ आहात, याला आधी डॉक्टरकडे न्या, असं रामजीकाका सांगत होते. जाईबाईने वैभवचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोर चुकलं, चुकतं कधी, म्हणून त्याला फासावर देणार का, असं ती ज्याला त्याला विचारत होती आणि पदराने त्याच्या नाकातलं रक्त टिपत होती. तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. वाचलो, असं वैभवला वाटलं.

टिपता टिपता तिची नजर जमिनीवरच्या कागदाकडे गेली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यो कागद कधीचो?"

गेल्या वर्षीचा, वैभव म्हणाला.

गेल्याच वर्षी त्यांच्या वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं. खासगी इस्पितळाने चार लाख सांगितले. तेवढे घरात नव्हते, म्हणून मोठ्या सरकारी इस्पितळाच्या यादीत नाव लावलं. दोन महिने रोज उठून ते आज फोन आला का विचारायचे, आणि एका सकाळी उठलेच नाहीत.

"तुझो बापूस नंबर लागूची वाट बघत होतो," जाईबाई हळू आवाजात म्हणाली, "तेवा तुझ्याकडे किती होते?"

वैभवने भावाकडे पाहिलं. दत्तारामचे हुंदके थांबले होते. काहीतरी छोटा आकडा सांगावा असं वैभवच्या मनात आलं, पण आई अगदी जवळून त्याच्या डोळ्यांत पाहत होती.

"अकरा लाख," तो म्हणाला.

जाईबाईने त्याचं डोकं मांडीवरून उचललं आणि अलगद लादीवर ठेवलं. ती उठली. भावजी, तुम्ही जरा बाहेर व्हा, असं रामजीकाकांना म्हणाली. दारातल्या माणसांनाही तिने हाताने मागे सारलं. मग दार ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"दत्ता," ती म्हणाली, "ऊठ."