न बांधलेलं दार

नकाशे सांभाळणाऱ्या बाईंना त्यांच्याच इमारतीचा जुना नकाशा सापडला, तेव्हा हातातलं काम टाकून त्यांनी तो टेबलावर पसरला. आपली खोली त्यांनी लगेच ओळखली. फक्त मागच्या भिंतीत एक दार होतं आणि ते आत उघडतं हे दाखवणारी पाव वर्तुळाची रेघ.

"काका, इथे दार होतं?" त्यांनी पलीकडे जुन्या पुस्तकांची बांधणी करत बसलेल्या बाइंडरकाकांना विचारलं.

"कागदावर काय, काहीही असतं. ते दार कधी बांधलंच नाही."

बाईंना चैन पडेना. दोघांनी मिळून भिंतीजवळचं लोखंडी कपाट पुढे ओढलं. भिंत सलग होती, ठोकली तर भरीव वाजली. पण खाली फरशीवर पाव वर्तुळाचा ओरखडा होता, रोज घासत उघडणाऱ्या दाराचा पडतो तसा.

"कपाटाचा असेल."

"कपाट गोल फिरतं होय?"

काकांनी पुन्हा कपाटाला हात लावला. दोघं कपाट परत मागे रेटू लागले. ओरखड्यापाशी येऊन ते अडलं. पुन्हा जोर लावला, तरी हलेना. बाईंनी वाकून पाहिलं. कपाट आणि भिंतीच्या मध्ये काहीच नव्हतं.

काकांनी कपाटावरचा हात काढला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आधी ते दार लावून घ्या."