कोपऱ्यातला अंधार

"माय, आता या लाईटात बिघडाले काय बाकी राहिलं, सांग बरं!" स्टुलावर उभा असलेला प्रेमानंद खेकसला.

जिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मले काय समजते बाबू त्यातलं? मधात बरोबर दिसते. बाजूले, कोपऱ्यात अंधारच राहते. आज सकाळी गॅसवरचा दुधाचा गरम गंज दिसलाच नाही. हात पोळला."

प्रेमानंद मौद्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होता. इंदोऱ्यातल्या या घराची वायरिंग त्यानेच केलेली. उन्हाळ्यापासून आईची एकच तक्रार चालू होती. आधी त्याने बल्ब बदलला. मग जास्त वॅटचा आणला. व्होल्टेज तपासलं, बोर्डावर नवं बटन बसवलं. आज ड्यूटीवरून आल्या आल्या पुन्हा तेच ऐकलं आणि तो हातपाय न धुताच स्टुलावर चढला.

"अहो, लाईट चांगला आहे," त्याची बायको भावना हळूच म्हणाली. "मले तर याच उजेडात सुईत दोरा ओवता येते. मी म्हणत होती, मायले एकदा डोळ्याच्या डॉक्टरले..."

"चष्मा आहे ना तिले! मागच्या वर्षीच तर बनवला."

त्याने बल्ब काढून भावनाच्या हातात दिला. बटन बंद होतं, तरी सवयीने मेन स्विचही पाडून आला. होल्डर उघडला. तारा घट्ट होत्या. कुठे जळल्याची खूण नव्हती. त्याने तरी त्या पुन्हा आवळल्या, होल्डर बसवला, मेन चालू केला आणि टेस्टर घेऊन परत वर चढला. पडवीतल्या दिव्याचा थोडा उजेड तेवढा आत येत होता.

"भावना, बटन दाब."

खट् आवाज झाला.

"हां! आता कसा लख्ख उजेड पडला," जिजाबाई घाईघाईने म्हणाल्या. "झालं बाबू. उतर आता. थकूनभागून आला तू."

भावना हातातल्या बल्बकडे बघत राहिली. मग तिने वर, नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमानंदचा टेस्टर धरलेला हात तसाच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ड्यूटीवर सुट्टी टाकली आणि आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "काचबिंदू आहे. बाजूची नजर गेली, ती आता परत येणार नाही. मधली उरली आहे, ती औषधाने सांभाळू. थोडं आधी का नाही आणलं?"

प्रेमानंदने औषधांची चिठ्ठी घेतली.

बाहेर बाकावर औषधांची वाट बघत दोघं शेजारी शेजारी बसले. "माय, तू सांगून राहिली होती ना वं," तो म्हणाला. "म्या ऐकलंच नाही."

"काहून नाही ऐकलं?" जिजाबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "जवा सांगितलं तवा स्टूल घेऊन चढला. कोणाचा पोरगा इतकं करते, सांग बरं?" उत्तर आलं नाही तशा त्या जरा घाबरल्या. "बाबू? आहे ना गा इथं?"

प्रेमानंद उठला आणि आईच्या अगदी समोर, फरशीवर जाऊन बसला.