कपाशीतला चेंडू

माझ्या कुंकवाची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! मास्तरांचं नाव तेवढं मी घेणार नाही.

लोटन त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता, पेन्सिल पहारीसारखी धरून. साक्रीकडचा गडी, धुळ्याच्या जिनिंगमध्ये हमाल. चेंडू त्याच्या पायाला गोचिडासारखा चिकटायचा. शेठनं फुटबॉलची टीम काढलेली. टीममध्ये आला त्याला बारमाही काम, बाकीच्यांनी हंगाम संपला की घरी जायचं. निवड मास्तरांकडे, कारण ते पुण्याहून अक्कल मोजायची नवी विद्या शिकून आले होते.

त्यांनी कागदावर एक गोल काढला. "हे वावर. यात चेंडू हरवला. शोधायला कसा फिरशील, रेघ ओढून दाखव."

लोटननं एकच सरळ रेघ ओढली आणि पेन्सिल ठेवून दिली.

पुस्तकातलं उत्तर होतं ओळीओळीनं सगळं वावर पालथं घालायचं, म्हणून मास्तरांनी शून्य दिलं आणि टीममधून वगळलं. वर सगळ्यांदेखत वाचून दाखवलं, "वय बावीस. अक्कल आठ वर्षांची."

"आठ वरीसना पोऱ्या, पाटी लिसनी शाळात जाय!" कुणीतरी ओरडलं. लोटनही हसला. कान मात्र लाल झाले होते.

महिन्यानं भुसावळच्या रेल्वेवाल्यांशी मॅच. एक गोल अंगावर, पाच मिनिटं उरलेली. तेवढ्यात चेंडू असा उडाला की खाली येईस्तोवर एकाची बिडी ओढून झाली. पडला शेजारच्या कपाशीत. दुसरा चेंडू नव्हता. मास्तरांनी अकराच्या अकरा जण ओळीनं कपाशीत घातले, पुस्तकात होतं तसं. झाडं कडाकड मोडली. शेतवाली झुंबरबाई विळा घेऊन धावली.

"डोया फुटनात का रे तुमना? मना कापूस शे तो!"

बांधावर उभा राहून मॅच बघणारा लोटन एका सरीतून सरळ आत गेला. एक बोंड हललं नाही. चेंडू घेऊन आला.

"तुला कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"पडताना दखा व्हता मी."

"मग त्या दिवशी कागदावर..."

"तठे बी तेच करं, मास्तर. खेळणाराले ठाऊक ऱ्हास, चेंडू कोठे पडना ते. एक चेंडूकरता बठ्ठं वावर तुडाऊ का?"

मास्तरांनी मागे पाहिलं. कपाशी आडवी झाली होती, ओळीच्या ओळी, अगदी बरोबर उत्तरासारखी. त्यांची मान खाली गेली. लोटनचे हात धरून ते सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलो रे भाऊ."

बरं, खरं सांगते. ते 'चुकलो' तेवढं माझ्या पदरचं. मास्तर म्हणाले होते, "चल, रेषेबाहेर हो." हंगाम संपला, लोटन साक्रीला गेला, परत दिसला नाही. तो शब्द चाळीस वर्षं त्यांच्या घशात अडकलाय, म्हणून आज मीच म्हणून टाकला.

आणि नाव का नाही घेतलं, म्हणता? नवऱ्याचं नाव घेते का कुठली बाई? ते बघा, ओसरीवर बसलेत. सगळं ऐकलंय. मान अजून खालीच आहे.